आठे, तठे, कोठे

सी ड्राइव्हची पट्टी आज पुन्हा लाल झाली.
दोंडाईच्यात लाल रंगाचं कुणाला काही वाटत नाही,
फेब्रुवारीत अख्खं मार्केट यार्डच लाल,
शिंकत, डोळे पुसत आम्ही पावत्या फाडतो
आणि सीपीयूच्या पंख्यातून
मिरचीचा धुरळा ब्रशने काढावा लागतो.

पण ही पट्टी म्हणते, जागा नाही.
शेजारी डी ड्राइव्ह रिकामा,
नव्या कॉलनीतल्या कुलूप लावलेल्या ब्लॉकसारखा,
आणि सगळी वस्ती सीमध्येच दाटून बसलेली:
चार सालांच्या काटापट्ट्या, आडत, तोलाई,
झुंबरशेठच्या नातवाच्या वाढदिवसाचे साडेतीनशे फोटो,
त्यातले दोनशे एकाच केकचे.
कुणी सांगितलं होतं तिथे ठेवायला?
कुणीच नाही.
न विचारता जे ठेवलं जातं
ते सगळं सीमध्येच जातं.

जेवणाच्या सुटीत मी सेटिंग उघडलं.
नव्या फाइली कुठे ठेवायच्या: डी.
जुन्यांनाही म्हटलं, चला, उठा.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली.
मध्ये दोनदा लाइट गेली.

दोधू आप्पा पोत्यावर बसून बघत होते.
"माय, हाई समदं कोठे जास?"
म्हटलं, आधी इथे होतं, आता इथेच पण पलीकडे,
आणि एक नक्कल वर, क्लाउडमध्ये.
त्यांनी दारातून वर पाहिलं.
एक घार. बाकी काही नाही.
"तठे?"
"तिथे नाही आप्पा, कुठेतरी मोठी यंत्रं आहेत त्यांची."
"कोठे?"
मलाही माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला निळे बाण फिरायचे थांबले
आणि एकाच आठवड्याची हमाली
फोल्डरमध्ये दोनदा दिसली.
एक माझी, दुकानातली: अकराशे चाळीस पोती.
एक शेठच्या मोबाइलवरची,
रेंज नसलेल्या घाटात बसून दुरुस्त केलेली: हजार चाळीस.
यंत्राने निवाडा केला नाही.
दोन्ही जावांचं ऐकून घेणाऱ्या शेजारणीसारखं
एकीच्या नावाला शेपूट लावलं
आणि दोघींना घरात ठेवलं.

शेठचा फोन. "जुनी उडव."
"जुनी कोणती?"
"तुझी."

इथली उडवली की तिथली उडते,
तिथली उडाली की घरच्या लॅपटॉपवरची,
याला सिंक म्हणतात.
सगळीकडे असणं म्हणजे जपलेलं असणं नव्हे,
हे मी गेल्या दिवाळीत शिकले,
एका बोटाने चार ठिकाणची उधारी पुसून.
मग रात्रभर कचरापेटी उपसत बसले होते.

मी आप्पांना विचारलं, पोती किती?
ते बोलले नाहीत. गोदामाच्या दाराआड गेले.
तिथे भिंतीवर कोळशाच्या रेघा,
दर दहा पोत्यांना एक.
बिजागरीपाशी ओळ जरा वाकडी होऊन
पुढे गेलेली.
मी दोनदा मोजल्या. एकशे चौदा.
"दिवाळीले चुना मारतस," आप्पा म्हणाले,
"मंग नवं."

फोटो काढला.
"तठे मन्हं नाव शे का?"
शोधाच्या चौकटीत टाइप केलं: दोधू.
एकही फाइल नाही.
हमाली, टोळी नंबर दोन, एवढंच.

फोटोला नाव दिलं, दोधू ओंकार भोई.
डीमध्ये ठेवला. निळे बाण पुन्हा फिरू लागले.
एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली,
जो कुणाशी जोडलेला नाही,
आणि डब्याच्या पिशवीत टाकला,
शेंगदाण्याच्या चटणीशेजारी.

दोन्ही हमाल्या अजून तशाच आहेत.
शेठचा फोन वाजतोय.