विषय क्रमांक चौदा

सुपीरियर सरोवराकाठी उणे एकवीस.
सभागृहात हीटरची घरघर.
"विषय चौदा. आभासी सर्व्हरचे परवाने आणि देखभाल, तीन वर्षे."
रक्कम गेल्या खेपेच्या तिप्पट.
शेवटच्या रांगेत व्हर्लिन आहो,
मांडीवर अकरा पानं उत्तरं.
कुणी विचारलंच नाही.
हात वर, हात खाली,
पुढचा विषय: कुत्र्यांचं मैदान.

तळघरात यंत्रं तीन.
त्यांच्या पोटात साठ, जी कुठंच नाहीत:
पाणीपट्टी, बर्फ उपसणाऱ्या गाड्यांच्या वाटा,
दफनभूमीतल्या शिल्लक जागा.
एकाचं नाव नुसतं 'बंद करू नका'.
मार्जीननं ठेवलेलं. ती निवृत्त झाली, मग गेलीच.
ते काय करतं, ठाऊक नाही कुणाला.
दर हिवाळ्यात व्हर्लिनचं बोट
त्या बटणापर्यंत जातं
आणि परत हातमोज्यात.