एक जास्त

कार्डिफला, धुलाईयंत्रांच्या दुकानात बसून
नेरिस हस्तलिखितं वाचते.
ऑफिसात फोन वाजतात, म्हणते,
इथे यंत्रं निदान आपापलं काम करतात.

मी नवा. वाटलं, काही निकष सांगेल.
ती म्हणाली, मोजे जोडीनं लाव.

पहिल्याच ओळीत कुणी स्वप्नातून दचकून उठतंय, बाजूला.
आरशात स्वतःचे डोळे न्याहाळतंय, बाजूला.
'माझ्या आईला फार आवडलं'
यावर मात्र ती थांबते,
आईला नमस्कार सांगा, असं पुटपुटते,
आणि तेही बाजूला.

मग एक गठ्ठा. पत्रात तिचं नाव चुकलेलं,
समास नाही, पानांना आकडे नाहीत.
ब्लायनायच्या पाटीच्या खाणीत
हजेरी लिहिणारा कुणी इड्रिस.
पहिलं वाक्य :
त्या संध्याकाळी वर आलेल्या माणसांत एक जास्त होता.

नेरिसनं चष्मा काढला.
पुसला नाही, नुसता काढला, परत घातला.
पंचवीस पानं संपली तेव्हा
यंत्र केव्हाच थांबलं होतं,
आणि एक म्हातारी खोळंबून, शेवटी स्वतःच
तिच्या ओल्या चादरी टोपलीत काढत होती.

चांगलं आहे? मी विचारलं.
कुणास ठाऊक. मधली दहा पानं पसरट,
स्वल्पविराम तर मूठ भरून फेकलेत.
पण तो जास्तीचा माणूस कोण
हे कळल्याशिवाय मी घरी कशी जाऊ?

म्हातारीचे हात चादरीतच थांबले.
"कोण होता मग?"