चरातलं दार

फितीच्या टोकाला पितळेची पोकळ टोपी.
नळीत सोडायची, हळू हळू खाली,
पाण्याला टेकली की आतून आवाज येतो : टप्प.
जीभ टाळूला लावून सोडावी, तसा.
वर्षातून तीनदा हा आवाज ऐकण्याचा
मला पगार मिळतो.

खोरेझमच्या या टापूत
माझ्या वहीत एकशे बारा नळ्या.
दोन मीटरखाली टप्प झालं तर मी चहा न घेता पुढे जाते.
एकाच्या वर झालं
तर सायकल आडवी करते, घरधन्याला हाक मारते.

ऑक्टोबरात कुतलीमुराद ओगाच्या शेतात
कापूस वेचून झाला होता, तरी शेत पांढरं होतं.
टप्प. पासष्ट सेंटिमीटर.
फीत पुसून पुन्हा सोडली.
पासष्ट.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो.
इथे ते कुठेच मुरत नव्हतं.

ओगाने चिमूटभर माती जिभेवर ठेवली.
"गोडी आहे अजून."
मग मी ठेवली.
स्वयंपाकातलं मीठ नव्हे हे, कडसर,
जिभेच्या मागे जाऊन बसणारं.
नावडतीचं मीठ अळणी लागतं;
आवडत्या जमिनीचंही लागत असणार.

मी निचऱ्याच्या चराने चालत गेले.
तो मागून येत होता, काही न बोलता.
बोरूच्या दाटीत, गाळाच्या पोत्यांमध्ये रोवलेलं
एक दार.
तुतीच्या लाकडाचं, निळा रंग, कडी शाबूत.
अलीकडे पाणी काठोकाठ,
पलीकडे बेडकांपुरतं.

"माझंच," तो म्हणाला. "जुन्या घराचं."

जुलैत पाळी अकरा दिवस चुकली.
वरच्यांचे पंप रात्रभर ऐकू यायचे.
दुपारी झाडं माना टाकायची,
संध्याकाळीही उचलेनाशी झाली,
तेव्हा त्याने चर बंद केला.
ना डिझेल, ना पाट, ना कोणाची मिनतवारी.
पाणी खालून आपलं आपण चढलं,
आठव्या दिवशी पानं उभी.

ते खोटं नव्हतं. मी बोंडं पाहिली होती.
फक्त ऊन पाणी घेऊन जातं
आणि मीठ इथेच सोडून जातं,
हे त्यालाही माझ्याइतकंच ठाऊक होतं.
वहीत 'कारण' असा रकाना आहे,
अर्ध्या बोटाचा.

दार काढलं त्याच दिवशी,
सून आयसुलूवने ट्रॅक्टरला साखळी बांधून.
पाणी निघालं. कुठे, ते नका विचारू.
वाळवंटात एक तळं आहे म्हणतात;
त्या तळ्याची वही माझ्याकडे नाही.

फेब्रुवारीत वाफे बांधले, गुडघाभर बांध.
तीन भरण्या हव्या होत्या,
मिळाल्या दोन.
पाणी रात्री अडीचला आलं.
आयसुलूव विजेरी धरून बांध फिरत होती,
फुटला तिथे फावडं,
कडेला बर्फाची पापडी, पायाखाली करकरणारी.
धुवायला पाणी पुरलं नाही तर मीठ राहतं,
जास्त झालं तर खालचं पाणी वर येतं
आणि मीठच घेऊन येतं.
या दोहोंच्या मधली जागा
माझी फीत मोजत नाही.
पूर्वेचे चार वाफे कोरडेच राहिले.
तिथे आता ज्वारी टाकणार आहेत, गुरांपुरती.

एप्रिल. टप्प. एक मीटर वीस.
थांबायचं कारण नव्हतं, तरी चहाला थांबले.

दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वाळत.
कंबरेएवढ्या उंचीवर पांढरी रेघ,
जणू कोणी पेन्सिलीने आखलेली.
कडीला नवीन तेल.

मी कडीकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.
"असू दे," तो म्हणाला,
कपात साखर ढवळत,
"जुलै यायचाय अजून."