दोन वेढे

दोनच वेढे, तिसरा नाही,
आणि कडेला कड भिडली पाहिजे, वर चढता कामा नये.
ओव्हिला मला हे सात वर्षं सांगतोय,
जणू मी आजच दारात उभी राहिलेय.

शिसं अजून तोच ओततो. साच्याला टपली मारून
गोळी फडक्यावर पाडतो, निवली की तळहातावर तोलतो:
"ही हलकी. हिच्या पोटात हवा."
ती परत भांड्यात.
गुंडाळणं माझ्याकडे आलं, त्याची बोटं थरथरायला लागली तेव्हापासून.
ओली पट्टी, सुरकुती न पाडता अंगासरशी,
बुडाशी उरलेल्या शेपटीला पीळ,
मग खिडकीत वाळायला ओळ.

त्याचा मुलगा मला सोडून ओहायोला गेला.
भांडी, गाडी, कुत्रा, सगळ्याची वाटणी झाली.
म्हाताऱ्याचे शनिवार कुणी मागितले नाहीत,
ते माझ्याकडे राहिले.

कागद दगडकामाच्या कचेरीतला.
शेड बंद पडली तेव्हा हजेरीची पुस्तकं बाहेर चिखलात फेकली होती,
याने सतरा उचलली.
जुना, चिंध्यांचा कागद, भिजला तरी जीव धरतो.
"हल्लीचा कागद लाकडाचा," म्हणतो,
लाकूड ही शिवी असल्यासारखं.

व्हरमाँटचा मार्च. कुरणात मांडीएवढा बर्फ.
पांढऱ्यावर पांढरं सापडत नाही,
म्हणून आम्ही पट्ट्या आधी चहात बुडवतो.
काळा चहा. एकदा मी चुकून साखरेचा वापरला,
त्या शनिवारी तो जेवायलाही थांबला नाही.

दारू मोजून. वर मेणाची चकती.
गोळी नळीच्या तोंडाशी. अंगठ्याने ढकलली तर सरकावी,
इतकीच घट्ट.
गज एका दमात खाली. ठोकायचं नाही, ठासणीची असली तरी.
टोपी. घोडा.
दोनशे यार्डांवर पुठ्ठ्याचा चौकोन.

आणि मग धूर, सडक्या अंड्यांचा वास,
डोंगरावरून उशिरा परत आलेला आवाज.

निशाणाकडे तो बघतही नाही.
गुडघ्यावर हात देऊन उठतो,
नळीपुढे दहा-बारा पावलं जातो, वाकतो.
बर्फावर चहाच्या रंगाच्या चिंधोट्या,
आट्यांनी उभ्या चिरलेल्या, सारख्या रुंदीच्या.
"सुटला," म्हणतो.
आत असेतो कागदाने गोळीला धरायचं,
तोंडाबाहेर पडली की सोडायचं, तिथेच, लगेच.
चिकटून राहिला तर गोळी भरकटते.
हे सांगताना तो नेहमी दुसरीकडे बघतो.

आज एका चिंधोटीवर शाई दिसली.
सात वर्षं मी ही पानं कापतेय, कधी वाचली नव्हती.
"पास्क", पुढचं चिरून गेलेलं,
खाली बारीक अक्षरात: गैरहजर, गैरहजर, गैर

"हा कोण?"
त्याने चष्मा कपाळावर नेला, कागद नाकाशी धरला.
"कोरायचा. पंख कोरायचा, थडग्यांवरच्या देवदूतांचे.
इतके पातळ, की उन्हात दगडातून उजेड यायचा."
थोडं थांबून: "धूळ. त्या हिवाळ्यात तिघं गेले."
मग त्यालाच खोकला आला,
खूप वेळ,
मी बंदूक धरून उभी.

मला वाटलं तो चिंधोटी खिशात घालेल.
त्याने ती होती तिथेच ठेवली, अक्षरं वर करून,
आणि वारा नव्हता तरी
क्षणभर वर बोट दाबून धरलं.

"नळी पूस," म्हणाला. "ओलं फडकं एकदा, कोरडं दोनदा."
मी पुसते. फडकं काळं, मग करडं.
खिडकीतल्या ओळीत अजून एकतीस आहेत.
निशाण बघायला अजून कुणी गेलेलं नाही.