सातपूर, चौथा टेक

रिबेका उजगरेनं मला बँडच्या दुकानातून उचललं,
भद्रकालीत, लग्नसराई संपल्यावर,
सॅक्सोफोनच्या पॅडला सरस लावत बसलो होतो तेव्हा.
म्हणाली, तुम्ही वाकडं वाजवता असं ऐकलंय.
म्हटलं, बाई, वाकडं वाजलं की
वरातवाले हिशेबातून पाचशे कापतात.

तिच्या आधीच्या दोन्ही अल्बमांत
आवाज सरळ पोटातून येतो.
शरणपूरच्या देवळात बाप हार्मोनियमवर
आणि ही सातव्या वर्षी बाकावर उभी राहून
मागायची तसा, हट्टानं,
देणारा समोरच बसलाय असं धरून.
लोक रडतात. माझी बायकोही रडली,
तव्यावर भाकरी करपली.

आता हिला जॅझ करायचंय.
कंपनीनं हात वर केले.
स्टुडिओ मिळाला सातपूरला,
व्हॉल्व्हच्या वर्कशॉपच्या माळ्यावर,
भिंतींना गाद्या, गाद्यांवर
कुणाच्या तरी संसाराचे डाग.

पहिला टेक: मी तिच्या मागेमागे,
जनरेटरची गाडी वरातीमागे येते तसा.
दुसरा: ती थांबली.
"माझ्या मागे येऊ नका. मी चुकले तर चुकू द्या,
तुम्ही तिसरीकडेच जा."
तिसरा: खाली प्रेस सुरू झाली.
धड. धड-धड. धड.
मुश्ताकनं ब्रश खाली ठेवले.
मी जाऊन विनवून आलो. प्रेसवरचा म्हणाला,
माल उद्या द्यायचाय, तुम्ही परवा गा.

रिबेका बसून राहिली. चहावर साय धरली.
मग ठोका पडून गेल्यावर, जरा उशिरानं,
तिनं एक शब्द सोडला. अर्धाच.
उरलेला गाळला,
आणि मला कळलं ती जागा माझी.

गेलो. कुठं, ते सांगता येणार नाही.
परतताना एक सूर लागला
जो चाळीस वर्षांत कुठल्या मांडवात लागला नव्हता,
लागला असता तर हाकललं असतं.
ती काही मागत नव्हती आता,
नुसती हिंडत होती, उन्हाळ्यात
गोदेच्या उघड्या पडलेल्या खडकांवरून
चप्पल हातात घेऊन पोरगी हिंडते तशी.

मध्येच प्रेस बंद. जेवणाची सुट्टी.
नसलेल्या ठोक्यावर आम्ही तिघं
आणखी सव्वा मिनिट उभे होतो.

तोच टेक ठेवलाय.
रात्री बायकोला मोबाइलवर ऐकवला.
रडली नाही. म्हणाली, संपलं का?
म्हटलं, माहीत नाही.
तिनं गॅस बारीक केला.