फलाट क्रमांक सहा

त्रेचाळिसाव्या वर्षी मी दातांना तार लावली.
ठक्कर बाजार स्टँडवर सगळे हसले.
कंडक्टर खैरनार म्हणाला,
मॅडम, आता सटाणा कसं म्हणणार?
खरंच होतं. सिन्नरचं शिन्नर झालं,
सटाणा ओठातच अडकायला लागला,
आणि भोंग्यातून माझीच शिट्टी मला ऐकू यायची.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात
दुसरी तार आवळताना डॉक्टर कुलथे म्हणाली,
"रात्री ठणकेल. ठणकू द्या.
अगदीच सोसेना तर साधी तापाची गोळी घ्या.
सुजेची नको."
का, विचारलं मी, पण तोंड उघडं,
त्यामुळे नुसता 'आ'.
तिला तो 'आ' कळला.

सूज म्हणजे निरोप, म्हणाली.
सुळा फटीकडे दबतो,
दात आणि हाड यांच्यामधले दोरे चुरगळतात,
तिथलं रक्त अडतं,
आणि त्या चेपलेल्या जागेतून हाक निघते.
हाकेची नावंही सांगितली:
प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन.
कुठल्याच पाटीवर न लिहिलेली गावं.
हाक ऐकून रक्तातून हाड खाणाऱ्या पेशी येतात,
पुढची भिंत कुरतडतात.
मागे दोरे ताणलेले, तिथे गवंडी पेशी
नवं हाड लिंपत राहतात.
महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर.
निरोपच दाबला
तर कामावर माणसं कमी येतात,
तार आपली ओढत बसते.

रात्री अडीच.
भाकरी दुधात कुस्करून खाल्लेली,
तरी जबड्यात कुणीतरी खुंटी ठोकत होतं.
ड्रॉवरमध्ये लाल गोळ्यांची पट्टी.
एकोणीस वर्षं घेत आलेय:
पाठीला, डोक्याला,
भावाने हक्कसोडवर सही घेतली त्या संध्याकाळी
दोन.
दुखलं की गोळी,
आणि सकाळी सहा पाचची पेठ, फलाट तीन.
तेव्हा कोणी धावून आलं नाही म्हणून
किती वर्षं मनात धरलं.
हाक मारली होती का मी?

उशीत तोंड खुपसून
ड्युटीच्या आवाजात हळूच पुकारलं:
कृपया लक्ष द्यावे.
हाड खाणाऱ्या मंडळींनी
उजव्या सुळ्याजवळ, फटीच्या बाजूला यावे.
गवंड्यांनी गर्दी करू नये,
त्यांची गाडी मागच्या बाजूला लागेल.
हसू आलं.
हसल्यावर जास्तच ठणकलं.

पहाटे चारला तापाची गोळी घेतली, अर्धी.
खोटं कशाला बोलू.

सकाळी माईक चालू केला.
खैरनार डबा सोडून ऐकत उभा.
सटाणा शटाणाच निघाला,
पण गाडी लागली
आणि माणसं चढली.