मंगळवारचा रकाना

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
आमच्या खात्यात टिकते.
आक्राच्या कचेरीत बसून मीच ओढलीय,
सहा कोपरे, चौथ्या दशांशापर्यंत.
गट क्रमांक अकरा, खोली बाराशे मीटर,
मुदत सात वर्षं; त्यातली पहिली दोन
नुसता तळाचा कानोसा घ्यायला.

पाकिटं उघडली तेव्हा चार बोली होत्या.
एकाची बँकहमी एका दिवसाने शिळी निघाली,
दोघांनी रॉयल्टीत हात आखडला,
चौथ्याला समुद्र मिळाला.

मग कायद्याप्रमाणे सुनावणी.
सेकोंडीची शाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या,
दाताने फाडायच्या पाण्याच्या पिशव्या.
कंपनीचा माणूस पडद्यावर वर्तुळ दाखवत होता:
मनोऱ्याभोवती पाचशे मीटर, आत होडी आणायची नाही.
मागून कुणी म्हणालं, दिवे तुमचे,
मासळी दिव्याकडे जाते,
तिला कोण अडवणार?
हशा. मी इतिवृत्तात लिहिलं,
उपस्थितांनी शंका मांडल्या.

शेवटी मच्छीमारांचे मुखिया नाना एसेल उठले.
"मंगळवारी आमच्यात कुणी जाळं टाकत नाही.
पणजोबांनी टाकलं नाही, उपाशी असतानाही नाही.
त्या दिवशी समुद्र त्याचा त्याचा असतो.
तुमचं यंत्र मंगळवारी थांबतं का?"

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघू लागला.
मी परिशिष्टं चाळली.
सांडलेल्या तेलाला आहे, जळत्या वायूला आहे,
विहीर बुजवायला अनामत आहे,
कासवांना सुद्धा दीड परिच्छेद.
मंगळवार नाही.

माझं नाव अराबा, म्हणजे मंगळवारी जन्मलेली.
आई सांगते, बाप त्या दिवशी किनाऱ्यावर होता
म्हणून सुईण वेळेवर आली.

परवान्यावर शिक्का मीच मारला.
अटी एकोणचाळीस. चाळिसावी मी पेन्सिलीने लिहिली होती.
साहेबांनी खोडली. रागावले नाहीत,
एवढंच म्हणाले, तपासणार कोण?

तिसऱ्या वर्षी मनोरा आला.
सुट्टीत घरी गेले तर होड्या वाळूवर,
मंगळवारच होता.
नाना जाळं सांधत बसलेले, पाठ गावाकडे.
अंधार पडला, तिकडे दिवे लागले,
तसा त्यांनी कमरेचा दोर काढला
आणि एक गाठ मारली.

मी मोजल्या. एकतीस.